अंदाजे

फॉर्मवर रकाने सहा :
ठिकाण, वेळ, हवामान, प्रजाती, संख्या, शेरा.
ठिकाण : चापडगाव, मनोरा.
वेळ : सहा पंचवीस.
हवामान : धुकं
आणि कुठून तरी आलेला मळीचा वास,
पण वासाला रकाना नाही.

पाण्यावर अजून उजेड उतरलेला नाही.
चांदवे अंधारातच एकमेकांना डिवचतायत,
आणि बेटापलीकडे चक्रवाकाची ती हाक,
जी ऐकून आमच्या भोईवस्तीत म्हणायचे,
संपली रात्रीची ताटातूट, उठा, जाळी घ्या.

हे अभयारण्य आधी कुणी मनात आणलं नव्हतं.
गोऱ्या इंजिनिअरनं नांदूरला बंधारा घातला
तो खालच्या रानांच्या कालव्यांसाठी.
गोदावरी रिकाम्या हातानं येणारी नव्हे :
त्र्यंबकची तांबडी माती घेऊन आली,
रामकुंडात सोडलेली कुणाकुणाची राख,
भांडी घासल्याची राख,
आणि कादवेनं वरून आपली काळी ओतली.

गाळ साचत गेला.
पाटबंधाऱ्याच्या वहीत दरसाल एकच ओळ : क्षमता घटली.
पाणी गुडघ्याएवढं झालं तसं पाणकणीस माजलं,
पाणकणसात जांभळ्या पाणकोंबड्यांनी संसार मांडला,
मग थापटे, तलवार बदकं, शराट्या, चमचे...
एका साहेबाच्या वहीतला तोटा
दुसऱ्या साहेबाच्या वहीत पाणथळ म्हणून चढला.
गाळ मात्र तोच.

पाटी लागली तेव्हा मी पाचवीत.
मासेमारीस सक्त मनाई.
माझ्या बापाला, लहानू भोयाला, अक्षर येत नव्हतं.
दोन खांब सरळ दिसले,
त्यानं पाटीवर ओलं जाळं वाळत घातलं.

ते जाळं अजून चौकीत आहे.
चिठ्ठी लावलेली, नंबर चौदा, जप्त.
त्याच खोलीत, त्याच खुंटीला
मी रोज माझी दुर्बीण अडकवते.
उंदरांनी जाळ्याला नवी भोकं पाडलीत,
आता त्यातून मोठा मासाही निसटेल.

पहिल्या गणनेला शहरातून माणसं आली होती,
तिपाया, टोप्या, थर्मास.
कुठं चिखल माणूस गिळतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.
मग ज्याचं जाळं नेलं त्यालाच बोलावलं, होडीसकट.
बाप बांबू रेटत म्हणाला, एकेक मोजाल तर म्हातारे व्हाल.
कोडी धरा.
डोळ्यात वीस मावले की पुढं सरका.
आणि उडाले तर मोजू नका, बसू द्या.

मी अजून कोडीनंच मोजते.
चाळीस कोडी, एकेचाळीस,
तेवढ्यात दलदली भोवत्या खाली झेपावतो
आणि अख्खं पाणी उठून उभं राहतं.
पंखांचा तो आवाज,
जसं कुणी ओल्या घोंगड्या झटकतंय.
बसू दे, बसू दे.

बांधावरून निवृत्ती डेर्ले ओरडतो,
ए बाई, तुझ्या करकोच्यांनी माझा हरभरा खुडला,
तो कुठं लिहितेस?
मी शेऱ्यात लिहिते : हरभरा, अर्धा बिघा.
दराडे साहेब दुपारी त्यावर रेघ मारतील.
अक्षर दिसेल तरीही, इतकी हलकी मारतात ते नेहमी.

संख्या : एकवीस हजार, अंदाजे.
या शब्दावर मी अडखळायचे पूर्वी.
आता वाटतं, अख्ख्या फॉर्ममध्ये
एवढाच शब्द खरा आहे.

संध्याकाळी बाप ओट्यावर बसून दोरा वळत असतो,
कशासाठी, ते आम्ही विचारत नाही.
किती? म्हणतो.
मी आकडा सांगते.
मान हलवतो, दोऱ्याला पीळ देतो.
आणि खाली?

मी फॉर्म उलटा करून बघते.
मागची बाजू कोरी आहे.