इतर काही असल्यास

मिरजेत, मिशन दवाखान्याच्या समोर
माझं झेरॉक्सचं दुकान.
जुलैत इथं डॉक्टर होऊ बघणारी पोरं येतात,
पावसाला भिऊन सॅक पोटाशी धरलेली,
मागं आई, आणि आईच्या हातात फाईल.

केवढ्या फायली त्या!
चित्रकलेची इंटरमिजिएट, ए ग्रेड.
लेझीम, तालुक्यात दुसरा नंबर.
खो-खो, विभागीय, राखीव खेळाडू.
वक्तृत्वाचं लॅमिनेट केलेलं,
कोपऱ्यात हवेचा बुडबुडा अडकलेला.
"ह्याच्या दोन-दोन काढा, काका."
मी म्हणतो, वहिनी, हे नको.
मार्कलिस्ट, डोमिसाइल, दाखला,
आणि तो एक कागद, ज्याच्यावर आकडा आहे.
बाकीचं घरी ठेवा, वाळवी लागू देऊ नका.
पानामागं दोन रुपये बुडवून सांगतो मी हे.

"असू द्या की. कुणी विचारलंच तर?"

बावीस वर्षं झाली.
कुणी विचारलेलं नाही.

परवा सतारमेकर गल्लीतली तहसीन आली.
फाईल नव्हती. नखांच्या कडेला चपड्याचं पॉलिश.
गेल्या वर्षीच्या यादीचं शेपूट जिथं संपलं
त्याच्याही खाली अकरा गुण.
ही पोर चौथीत असल्यापासून भोपळे निवडते.
ट्रक रिकामा झाला की ढिगाशी बसते,
डावा तळवा टेकवते, उजव्या बोटानं टकटक,
मान जराशी कलती.
हा आतून कुजलाय.
हा चांगला आहे.
ह्याला अजून एक उन्हाळा द्या, अब्बा.
आजोबांच्या पाठीवरही तसंच वाजवून
म्हणाली होती म्हणे, डावीकडं खाली पाणी आहे.
मिशनमध्ये दीड लिटर निघालं.
असं गल्ली सांगते.
गल्ली थोडं वाढवूनही सांगते.

मी फॉर्म वरपासून खालपर्यंत सरकवला.
नाव. वडिलांचं नाव. प्रवर्ग. आकडा.
कान, असा रकाना नव्हता.

त्याच संध्याकाळी श्रेणिक चौगुले, कवठेपिरानचा.
आकडा असा, की बापानं पेढ्यांचा बॉक्स
मशीनवरच ठेवला.
पोरगं दोन वर्षं लातूरला, खिडकी नसलेल्या खोलीत.
चेंडू बघितला तो गणितातलाच,
मनोऱ्यावरून पडणारा.
बाप फोनवर बोलत बाहेर गेला
तसा हळूच म्हणाला,
"काका, रक्त बघितलं की मला गरगरतं.
ते कुठं लिहायचं?"

त्यालाही रकाना नव्हता.
मी एक पेढा त्यालाच दिला.

मी तरी कोण मोठा लागून गेलोय?
गेल्या मार्गशीर्षात छातीत कळ आली,
अर्धं शटर ओढून तसाच रस्ता ओलांडला.
एक तरुण डॉक्टरीण होती ड्यूटीला.
तिला लेझीम येतं का, मी विचारलं नाही.
मनात एवढंच,
देवा, हिला पुस्तक पाठ असू दे,
पान अन् पान, तळटिपांसकट.
मग तिनं नळी छातीवर टेकवली
आणि डोळे मिटले.
मान जराशी कलती झाली.
त्या घटकेला, खरं सांगतो,
पुस्तकाचं मी विसरून गेलो.

ह्यातलं काय खरं धरायचं
ते मला ठरवता येत नाही.
मी प्रती काढणारा माणूस.
उजेड सरकतो, कागद गरम होऊन बाहेर येतो,
जेवढं काळं असेल तेवढंच त्याच्यावर उमटतं.

तहसीनच्या एकाच कागदाची एकच प्रत काढली.
पैसे नको म्हटलं, तर ठेवूनच गेली.
जाता जाता मशीनच्या अंगावर
सवयीनं बोट वाजवलं तिनं. थांबली.
पुन्हा वाजवलं.
"काका, आत काहीतरी सैल झालंय.
लवकर बघून घ्या."

मशीन तर चालतंय.
मेकॅनिकला फोन केलाय,
सोमवारी येतो म्हणाला.