छत्रीला ते कसा म्हणतात

संडरलँडला नोव्हेंबरात पावणेचारलाच दिवेलागण.
रोकरच्या धक्क्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दिवा,
आणि बारा नंबरच्या खोलीत
हिसाए मॅडिसन, वय अठ्ठ्याहत्तर,
टेपरेकॉर्डरचं बटण अंगठ्यानं दाबते.
बोटात आता तेवढा जोर नाही.

मी तिच्या पोटऱ्यांना मलम चोळते
आणि उत्सुगी गातो.

उत्सुगी हिदेमारो. गिटार, थोडासा पियानो,
आणि आवाज असा, की कुणी दार लोटून घेतलंय
पण कडी लावलेली नाही.
एके काळी म्हणे तिकडे टॅक्सीत तो, न्हाव्याकडे तो,
भाजीच्या दुकानातसुद्धा तोच.
"सगळ्यांची होती ती गाणी," हिसाए सांगते,
"म्हणून मला आवडायची नाहीत.
इथे आले, मग ती एकटीची झाली."

ती आली मोटारींच्या कारखान्यात दुभाषी म्हणून.
नॉर्मन आधी जहाजं जोडायचा. गोदी बंद पडली,
तेव्हा मोटारींचे दरवाजे जोडू लागला.
पहिल्याच दिवशी त्यानं साहेबाला घातलेल्या शिव्यांचं
तिनं फार सभ्य भाषांतर केलं.
त्यावरून लग्न.
त्याला जपानी शेवटपर्यंत आलं नाही,
उत्सुगी मात्र सगळा पाठ,
वेअर नदीकाठच्या हेलात, भांडी विसळताना.

मलाही येत नाही.
तीन आठवडे मी मराठीच ऐकत होते.
"आई," तो म्हणायचा, मधे दम घेऊन, "आई… ताई…"
म्हटलं, बिचारा. घरच्यांनी टाकलेला दिसतोय.
आणि कडव्याच्या शेवटी दर वेळी "कसा, कसा".
कसा राहू, कसा परत येऊ,
पुढचं मीच भरून घ्यायची
ड्युटी संपल्यावर, बसच्या वरच्या मजल्यावर.

शेवटी विचारलं, सारखा हाका का मारतो हा आईला, बहिणीला?
हिसाए हसली. कवळी ग्लासात होती, तरी हसली.
आई म्हणजे प्रेम, म्हणाली.
आणि आईताई म्हणजे भेटावंसं वाटतंय.
कुणाला?
ते वाक्यात नसतं. आमच्यात सांगत नाहीत.
आणि कसा?
कसा म्हणजे छत्री.
कुणीतरी त्याच्याकडे विसरून गेलंय.
तो ती वाळत घालतो.
एवढंच गाणं आहे.

मी मलमाचं झाकण लावलं.
दोनदा लावलं, आटे बसेनात.

ताई विट्याला.
हक्कसोडाच्या कागदावर मी सही केली नाही
तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं चार महिने, बोलणं नाही.
जमीन तरी किती, सव्वीस गुंठे, त्यात विहिरीचा वाद.
तिला ती कसायची नव्हती, मला विकायची नव्हती.
दुसरीनं आधी म्हणावं, एवढंच दोघींना हवं होतं.
काय म्हणावं,
ते आता मला आठवत नाही.

रात्रपाळीत, हिसाएचा डोळा लागल्यावर,
मी फोन टेपजवळ धरला. चाळीस सेकंद.
त्यात तिचं घोरणं आलं,
खिडकीला धडकणारा समुद्राचा वारा आला,
आणि तो, आईताई, आईताई.
पाठवून दिलं.
खाली काही लिहिलं नाही.

तिकडे झुंजूमुंजू झालं असेल. दोन निळ्या खुणा.
मग 'टायपिंग' दिसलं.
मग नाही.
मग परत.

"कोण गं हा?
सर्दी झालीय वाटतं त्याला.
आणि घोरतंय कोण?"

बारा नंबरमध्ये टेप संपली,
खट् करून बटण वर आलं.
हिसाए झोपेतच काहीतरी पुटपुटली, तिच्या भाषेत.
कळलं मला.
कॅसेट काढली,
उलटी करून घातली.