शेरा

शहर कधी उठतं ते मला सुई सांगते.
पाच वीसला ती जराशी थरथरते:
सिडकोत कुणीतरी पहिली बादली ओतली.
मग इंदिरानगर, मग शाळेची घाई असलेली घरं.
रविवारी सगळंच दीड तास उशिरा.
मॅचच्या रात्री शेवटची ओव्हर संपली
की विहीर हातभर चढते.
दिवाळीच्या पहाटे जाळीपाशी उटण्याचा वास येतो,
खोटं नाही सांगत, दहा मिनिटं येतो,
मग पुन्हा आपला नेहमीचा.

जाळीत अडकलेलं सुकदेव गांगुर्डे दाताळ्यानं ओढतो.
केस, झेंडूच्या माळा, पायमोजे,
एकदा तर कुणाच्या लग्नातलं अख्खं ताट.
त्याचा बाप कमरेला दोरी बांधून आत उतरायचा.
सुकदेवला मशीन आहे, पिवळी,
उद्घाटनाचा हार तिच्यावरच वाळला.
मशीन बंद पडली की सगळे एकदम गप्प होतात
आणि कुणीही त्याच्याकडे बघत नाही.
तेवढ्यावरनं त्याला कळतं.

महासभेत आमचा विषय शेवटून दुसरा.
चौकाच्या नावावर दोन तास बोलणं होतं,
मलजल म्हणताच कुणीतरी घड्याळ बघतं.
तहकूब.
नळाला पाणी आलं की त्याची पाटी लागते.
मोरीतून गेलं, त्याची कोण लावणार?

आता चौदा तारखेचं सांगतो.
रात्री दोन दहाला लाईट गेली.
जनरेटरच्या टाकीत बोटभर डिझेल,
मागणीपत्र निकुंभ साहेबांच्या टेबलावर, काचेखाली.
विहीर काठाला तीन फूट. दोन.
वरच्या वस्तीतल्या मोऱ्या उलट्या वाहिल्या असत्या,
तिथं लोक जमिनीवर झोपतात.
बायपासचं चाक एकट्यानं फिरत नाही.
सुकदेव आला, काही न बोलता.
आवाज असा झाला, जसं मोठ्या जनावरानं
दावं सुटल्यावर अंग झाडावं.
दीड तास. सगळं नासर्डीत,
नासर्डीतून टाकळीला, गोदावरीत.

नोंदवहीत रकाने छापील आहेत:
वेळ, पातळी, पंप चालू, पंप बंद, शेरा.
शेऱ्यात मी लिहिलं, किरकोळ.
अक्षर माझं चांगलं आहे.

उजाडताना सायकलनं पुलावरून निघालो.
खाली एक बाई गुडघाभर पाण्यात,
पाणवेली कोपरानं सारत
कोथिंबिरीच्या जुड्या धूत होती, बाजाराच्या.
हाक मारावीशी वाटली.
मारून म्हणणार काय? ताई, ते रात्री...
मागून टेम्पोनं हॉर्न दिला. मी पुढं झालो.

दुपारी आमटीवर कोथिंबीर होती.
कुठली, ते मी विचारलं नाही.
दोनदा वाढून घेतली.

आज पाच वीसला सुई हलली.
मागचं पान उघडून बसलोय.
सुकदेव म्हणतो, चहा घे.
खाडाखोड करायची तर
बाजूला साहेबांची सही लागते.