शेऱ्याचा रकाना

सातपूरला एका शाळेच्या गच्चीवर आमचं यंत्र आहे,
कूलरएवढं, डोक्यावर पत्र्याचं छप्पर.
मुलं त्याला भोंगा म्हणतात.
ते हवा ओढत राहतं
आणि सोमवारी, गुरुवारी, आठ-आठ तासांनी
मी जिना चढून त्याचा कागद बदलते.

पांढरा घालायचा. निघतो तो
कधी चहाच्या गाळणीसारखा, कधी तव्याच्या पाठीसारखा.
चिमट्याने उचलून घडी घालायची, काळी बाजू आत,
पाकिटावर तारीख.
मग प्रयोगशाळेत वजन, दशांशानंतर चार घरं.
आकडा स्थिरावेपर्यंत श्वास रोखायचा,
नाहीतर काटा माझ्याच उच्छ्वासाने हलतो.
शेऱ्याच्या रकान्यात सहा वर्षं मी एकच शब्द लिहिते:
निरंक.

मार्चात, विसाव्या आठवड्यात,
डॉक्टर बेदमुथांनी पडद्यावर बोट ठेवलं.
मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत, भिंतीवर तशी पाटी आहे.
बाकी सगळं सांगतात.
"हे चार कप्पे. आणि ही मधली भिंत,
इथं, बघा, पूर्ण आलेली नाही."
राखाडी पडदा, राखाडी हृदय,
त्यात एक बारीकशी जागा
जिथून रक्त चुकीच्या घरी जातं.

"कशामुळे?"
त्यांनी पोटावरचं जेल पुसायला कागद दिला.
"एका बाईबद्दल सांगता येत नाही.
हजार बायांबद्दल थोडंफार सांगता येतं."

सासूबाईंना एकीबद्दलही येतं.
ग्रहणात मी काकडी चिरली होती.

मी बोटांवर आठवडे उलटे मोजले.
ग्रहण लागलं तेव्हा ती भिंत
होऊन, किंवा न होऊन,
दोन महिने उलटले होते.

डिसेंबर.
निफाडला पारा पाचावर, द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या,
अंबडच्या भट्ट्या, द्वारकेला ट्रकांची रांग,
आणि धूर वर जायचंच विसरलेला.
पाळी चुकली ती थंडीनं असेल, असं म्हणत
मफलर गुंडाळून मी जिना चढत होते,
आणि आत तांदळाच्या दाण्याएवढं कुणीतरी
भिंत बांधायला बसलं होतं
मिळेल त्या मालात.

कपाटातून पाकिटं काढली.
अकरा, पंधरा, अठरा.
अठराचा सगळ्यांत काळा.
ट्यूबलाइटखाली धरला तरी पलीकडचं बोट दिसेना.
त्याच दिवशी, त्याच हवेत
शाळेची शिपाईणबाई मंजुळासुद्धा होती.
तिला जुळी झाली, दोन्ही टुणटुणीत.
मला तिचा राग येत नाही.
येतो.
पेढा मी खाल्ला.

किती, ते कागदाला कळतं.
कुणाला, ते कागदाला कळत नाही.

रोहिदास म्हणतो, नोकरी सोड.
सोडते, आणि श्वास कुठे घेऊ?
आपलं घर मखमलाबादला आहे, चंद्रावर नाही.
तो गप्प बसला, मग उठून
खिडकीच्या फटीत ओलं फडकं खोचून आला.
ऑपरेशन जन्मानंतर, म्हणतात. काही भोकं आपोआप बुजतात, म्हणतात.
फडकं सकाळी मीच काढलं, धुतलं.
पाण्याकडे पाहिलं नाही.

आज गुरुवार.
जिन्यात आता दोनदा थांबते.
गच्चीवर भोंगा चालू.
तो ओढतो, मी ओढते, माझ्यातून ते ओढतं.
आम्हां तिघांत कागद बदलता येतो
तो एकाचाच.

रजिस्टर गुडघ्यावर घेतलं.
तारीख, वेळ, प्रवाह, कागदाचा नंबर.
शेऱ्यापाशी पेन अडलं,
आणि सकाळी तपासणीत ऐकलेले ठोके
मी तिथं आकड्यात लिहिले:
एकशे अठ्ठेचाळीस.

महिनाअखेरीला साहेब विचारतील,
हे कसलं रीडिंग, कोणत्या केंद्राचं?
खोडायचं असेल तर त्यांनी खोडावं,
सहीनिशी.