एरंडेल

उद्यमनगरातल्या पोटमाळ्यावर
भूपालकाकांचं विमान मिळालं.
बाल्साचं नाक तेलानं काळं, मऊ;
नख दाबलं तर खूण राहते.

खडूची भुकटी पसरतो,
वर टीपकागद, वर कोमट इस्त्री.
तेल सावकाश वर येतं.
पुन्हा भुकटी. पुन्हा कागद.
खाली लेथ किरकिरतोय.

काकी म्हणायच्या,
पोट साफ करायचं औषध
हे आभाळात उडवतात न्हवं!

चौथ्या दिवशी लाकूड फिकं झालं.
आत पेन्सिलीची रेघ, आणि घाईघाईत:
‘नाक जड. पुढच्या वेळी कमी.’

त्या अक्षरांपाशी पॉलिशपेपर थांबवला.

गुजरीतल्या काट्यावर
आधीपेक्षा नऊ ग्रॅम कमी भरलं.
सोनार म्हणाला,
मोडायला आणलंय काय?
न्हाई, म्हटलं,
उडवायला.