तीन भोकं

अक्कलकोट रोडची एमआयडीसी, रात्रीचे साडेबारा,
पत्र्याखाली अजून दुपारच साठलेली.
बारा जकार्ड माग गप्प उभे.
डिझाइन सर्व्हरवर, सर्व्हर ऑफिसात,
ऑफिस पंचवीस पावलांवर,
आणि फोल्डर माउंट होत नाही.

कर्सर लुकलुकतो.
नकार आला असता तर बरं झालं असतं,
नकाराशी निदान भांडता येतं.
ही भिंत नाही म्हणत नाही.
पाकीट घेते, गिळते, गप्प बसते,
स्थळ बघून गेल्यावर
"कळवतो" म्हणणाऱ्या घरासारखी.

"बंदच करून टाका की ती फायरवॉल,"
मल्लेशम जॉबर म्हणाला, "कोण येतंय इथं मरायला?"
मागच्या वर्षी पलीकडच्या कारखान्यात आलं होतं कुणीतरी.
फायलींना कुलूप घालून पैसे मागत होतं.
त्यांचा मोर-वेल चादरीचा नमुना
अजून सापडलेला नाही.

एकशे अकरा उघडलं.
ती चौकशीची खिडकी.
माउंटवाला कुठं बसतो, तिथं विचारायचं.
तो दर वेळी दुसऱ्याच खोलीत;
सर्व्हर उठला की नवा नंबर,
भाडं चुकवणाऱ्या माणसासारखा.
कॉन्फिगच्या फायलीत त्याला बजावून लिहिलं:
वीस हजार अठ्ठेचाळीस. इथंच बस.
मग दोन हजार एकोणपन्नास, जिथनं खरा माल जातो,
तेही फक्त आपल्या बारा यंत्रांना.

एक वाजून दहा. फोल्डर उघडलं.
मल्लेशमनं शिट्टी मारली.
एक वाजून चाळीस. लाइट गेली, आली
(यूपीएस नावालाच आहे),
आणि सगळं पुन्हा बंद.
'कायमचं' हा एवढा एक शब्द
लिहायला मी विसरले होते.
हसू नको बे, मल्लेशम.

गेटवरनं नरसय्या येमूल उठून आले.
आता वॉचमन; त्याआधी एकतीस वर्षं
जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं पंच करत होते.
"एमैंदि?"
भोकं पाडतेय, म्हटलं.
"किती?"
तीन.
त्यांनी चष्मा पुसला, स्क्रीनकडं बघितलं,
काळ्यावर पांढरी अक्षरं, त्यांना काय दिसणार.
"नको तिथं एक पडलं ना,
तर नको तो दोरा वर येतो,
अन् शंभर चादरी झाल्यावर कळतं."
थोड्या वेळानं पुन्हा:
"तीनच?"
त्यांच्या एका कार्डाला शेकड्यानं असायची.

पुन्हा लिहिलं, कायमचं धरून. रीलोड.
मुद्दाम सर्व्हर बंद करून चालू केला.
फोल्डर जागेवर.
पहिला माग धडधडला, मग पाचवा, मग सगळे,
आणि बोलणं संपलं.

नंबर कुठंतरी लिहून ठेवायचे होते.
नरसय्यांनी खुर्चीच्या पायाखालचा
जुन्या कार्डाचा तुकडा काढून दिला.
खुर्ची तेव्हापासून डुगडुगते.
आकडे लिहिले त्याच्यावर,
भोकं चुकवत चुकवत.