अक्षर कोणाचं

मानांकनाचे लोक यायचे म्हणून
आठवडाभर आम्ही दवाखाना धूत होतो.
अग्निशमनाच्या नळकांड्यावरची जुनी तारीख खरवडली,
हात धुण्याच्या पायऱ्यांचं चित्र
बेसिनवर चिकटवलं,
आणि सूचनापेटीची किल्ली सापडेना
म्हणून कुलूपच बदललं.
आत काय होतं, कोणी बघितलं नाही.

मी योजनेच्या खिडकीत बसते.
पिवळं कार्ड, केशरी कार्ड, आधार, अंगठा.
रोवण्याच्या दिवसांत अंगठे उमटत नाहीत,
चिखलानं रेषा नेलेल्या असतात.
मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
मी म्हणते, पुसा, फुंकर मारा, दाबा.
कवडू नैतामचा अंगठा अकराव्या वेळी लागला.
तोवर तो दुसऱ्या हातानं
हर्निया धरून उभा होता.

साहेबांनी आम्हाला पढवलं, आम्ही पेशंटांना:
पैसे घेतले का विचारलं, तर नाही.
जेवण मिळतं का, तर हो.
हक्क माहीत आहेत का,
तर भिंतीकडे बोट दाखवायचं.

नागपूरहून ठवरे मॅडम आल्या.
आधी विचारलं, संडास कुठे,
आणि तपासायला नाही, खरोखरच गेल्या.
परत येऊन वहीत बराच वेळ लिहीत राहिल्या.
मग वॉर्डात.
कवडू पोपटासारखा बोलला.
हक्कांच्या प्रश्नाला त्यानं नेमाने बोट दाखवलं.
त्या भिंतीवर घड्याळ होतं.
मॅडमनी घड्याळ पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं,
हसल्या नाहीत.

बाहेर हातपंपाजवळ
सरसताबाई तीन विटांवर भात रांधत होती.
मॅडम तिच्याजवळ उकिडव्या बसल्या.
काय बोलणं झालं, मला खिडकीतून ऐकू आलं नाही.
दिसलं एवढंच, की पदराची गाठ सुटली
आणि कॅलेंडरच्या पानाचा तुकडा
एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

औषध, सुई, इतर : ७४०.
सही नाही. शिक्का नाही.
माझा औ मी कुठेही ओळखते,
पोटात वारा भरल्यासारखा फुगीर.
चौथीत गुरुजींनी त्यासाठी छडी मारली होती.

मॅडमनी चिठ्ठी खिडकीच्या फळीवर ठेवली.
"हे अक्षर कोणाचं?"
साहेब मागेच उभे होते, त्यांच्या
आफ्टरशेव्हचा वास येत होता.
"माझं," मी म्हटलं.

दीड महिन्यानं पत्र आलं.
त्रुटी बत्तीस, मुदत नव्वद दिवस.
नळकांडं पहिल्या क्रमांकावर,
चिठ्ठी सव्विसाव्या.
साहेब म्हणाले, पैसे परत करायची एक प्रक्रिया असते.
ती प्रक्रिया कोणत्या कपाटात असते
ते मला आठ वर्षांत कळलेलं नाही,
म्हणून पगारातले काढले
आणि रविवारी स्कूटीनं निघाले,
सिंदेवाहीच्या पुढे, डांबर संपतं तिथून आत.

सरसताबाईनं नोटा दोनदा मोजल्या.
मग चाळीस रुपये बाजूला काढून
माझ्या हातात ठेवले.
"त्या दिशी दोन चाय पाजलेस, बिस्किटचा पुडा आनलास.
तो दवाखान्याचा नोहे, तुहा होता."
मी नको म्हटलं. तिनं माझी मूठ मिटली.

निघताना, फॉर्म डोक्यात भिनलेला म्हणून,
विचारून बसले :
दवाखान्याला पाचपैकी किती द्याल?
ती खळखळून हसली.
"पायलीनं सांगू का खंडीनं?"
आणि बांधीकडे वळून ओरडली,
"अवो, वजन नोका उचलू, टाका तुटन!"
कवडूनं बिंडा खाली ठेवला.
आमच्याकडे पाठ होताच पुन्हा उचलला असणार.

त्रुटी क्रमांक सव्वीस : पूर्तता झाली,
पुरावा जोडा, असं छापलंय.
पावती तिनं दिली नाही, मी मागितली नाही.
ते चाळीस रुपये
पर्सच्या वेगळ्या कप्प्यात आहेत.
परवा भाजीवाल्याकडे सुट्टे नव्हते,
तरी काढले नाहीत.